गार्ड आप्पांची अहेव नवमी

आप्पांचा माझ्यावर विश्वास बसायला अकरा वर्षं लागली, आणि तोही पुरता बसला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. माझं घर त्यांच्या घराला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. राहायला आले त्याच दिवशी भिंतीपलीकडून प्रश्न आला, "बाई, तुमी मूळच्या कुठल्या?" मी गाव सांगितलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "कोन सांगतं?" म्हणजे मी स्वतः सांगतेय, एवढं त्यांना पुरेसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गावचा एक माणूस स्टेशनवर गाठला, खातरजमा करून घेतली आणि मग बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातून वाटीभर कालवण पाठवून दिलं.

आप्पा मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून पुढचे सगळे डबे जागेवर आहेत ना, याची काळजी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर ती काळजी त्यांनी तशीच्या तशी घरी आणली. घरामागून मालगाडी जायला लागली की बोलणं अर्धवट टाकून ते डबे मोजत. शेवटचा डबा गेला की "अठ्ठावन्न" म्हणत आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू करत. दुधात मापक बुडवल्याशिवाय ते आत जायचं नाही. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचं. एका मेडिकलमधून घेतलेली गोळी दुसऱ्या मेडिकलवाल्याला दाखवायची. लग्नपत्रिका आली की कुणाचं नाव आहे यापेक्षा कुणाचं गाळलंय हे आधी शोधायचं.

एकदा त्यांना बँकेच्या नावानं फसवणूक करणाऱ्या एका पोराचा फोन आला. कार्ड बंद होणार आहे, नंबर सांगा, असं तो हिंदीतून म्हणत होता. दुसऱ्या कुणी शिव्या देऊन फोन ठेवला असता. आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि पाऊण तास त्याची उलटतपासणी केली. नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं, गावाला स्टेशन आहे का, फलाट कुठल्या बाजूला येतो. पोरगं रडकुंडीला आलं. "चाचा, माफ करो, गलती हो गई," म्हणून त्यानं फोन ठेवला. आप्पा भिंतीशी येऊन मला सांगत होते, "पळाला ओ. फलाट सांगता आला न्हाई त्याला."

असा हा माणूस वर्षातून एकदा मात्र माझ्या दारात हात जोडून उभा राहायचा. पितृपक्षातल्या नवमीच्या आदल्या दिवशी येऊन म्हणायचा, "बाई, उद्या थोरलीच्या नावानं जेवायला यायचं." त्या नवमीला अहेव नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू घेऊन गेलेल्या बाईची ती तिथ. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. थोरली म्हणजे आप्पांची चुलती. आप्पांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, आणि खुटबावच्या मळ्यात या चुलतीनंच त्यांना वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा, गणपततात्या, दुसऱ्या महायुद्धात गेला. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये कामाला असलेला हा सातवी शिकलेला गडी विमानदलात भरती झाला आणि बॉम्ब टाकणाऱ्या विमानात मागच्या बाजूला बंदूक धरून बसायला लागला. विमानात दोघंच असत, पुढे एक पंजाबी वैमानिक आणि पाठीला पाठ लावून तात्या. ब्रह्मदेशात एका सकाळी ते विमान गेलं ते परत आलं नाही. घरी तार आली. तात्या बेपत्ता झाल्याचं तिच्यात होतं, मेल्याचं नव्हतं.

थोरली त्यानंतर सत्तर वर्षं कुंकू लावून जगली. मी तिला तिच्या शेवटच्या तीन वर्षांत पाहिलं. वाकलेली, कोरडी, कुणाला फार जवळ येऊ न देणारी. सकाळी अंघोळ झाली की आधी आरशासमोर. कपाळावर रुपयाएवढा टिळा. तिला नवऱ्याचं काही विचारलं की "असत्याल कुठंतरी" म्हणून ती उठून जायची.

ती गेली तेव्हा खुटबावला मी होते. तिथं जो प्रसंग झाला तो मी विसरणार नाही. भावकीतल्या बाया ओटी, हिरवं लुगडं, मळवट बघून दारातच थांबल्या. त्यांतली एक वयस्क बाई स्पष्टच म्हणाली, "सत्तर वर्सं नवऱ्याचा पत्ता न्हाई, आन् अहेव म्हनून कशी न्यायची? शंभरीच्या पुढं जिता बसलाय व्हय त्यो?"

आप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तात्या मेला, ह्ये कोन सांगतं?"

सगळ्यांना माहीत होतं, पण सांगू शकेल असं कुणीच नव्हतं. आप्पांनी स्वतः लुगडं बायांच्या हातात दिलं. थोरली सवाष्ण म्हणून गेली. संध्याकाळी सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा विचारायला लागला, "बाई, म्या केलं त्ये खरं का खोटं? मढ्याला खोटं कुंकू लावलं का म्या?" तिथून पुढची आठ वर्षं त्यांना हा एकच प्रश्न खात होता. गुरुजी दर नवमीला त्याच्यावर मीठ चोळायचे. गेलेल्या बाईचा नवरा हयात असेपर्यंतच ही नवमी घालायची, ते गेले की बंद, असा त्यांच्याकडचा शिरस्ता होता. "काय आप्पा, काही कळलं का?" ते विचारायचे. आप्पा म्हणायचे, "शोध चालू हाय."

शोध म्हणजे मी. त्यांना इंग्रजी पत्रं लिहिणारी बाई हवी होती आणि ती भिंतीपलीकडेच होती. आम्ही दिल्लीला हवाई दलाच्या कचेरीत लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की उपलब्ध नोंदींनुसार सदर इसम बेपत्ता असून त्याचा मृत्यू झाला असावा. आप्पांनी त्या 'असावा'वर बोट ठेवलं. "असावा म्हंजी काय ओ बाई? गाडी सुटली असावी असं गार्डानं लिवलं तर चालंल का?" मग इंटरनेटवर मला सिंगापूरच्या एका स्मारकाच्या भिंतीवरच्या नावांची यादी सापडली. ज्यांची कबर ठाऊक नाही अशांची नावं तिथं कोरलेली होती, आणि त्यांत तात्याचं नाव होतं. मी आनंदानं दाखवायला गेले. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "भिंतीवर नाव हाय. मानूस कुठं हाय? आमच्याकडं मेलेली मानसं मतदान करून जात्यात, तवा जित्याचं नाव भिंतीवर चढायला कितीसा वेळ?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. पण त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. त्याला कारण होतं केंदूरचा रंगनाथ. हा थोरलीच्या माहेरचा माणूस, त्याच युद्धात लष्करी गाडीवर ड्रायव्हर. परत आल्यावर त्यानं खुटबावला येऊन सांगितलं की गणपतला मी कलकत्त्याच्या दवाखान्यात पाहिला, पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून सगळं घर वाट बघत बसलं. तात्याची आई तर तार आल्यापासूनच रोज रेल्वे फाटकापर्यंत जाऊन उभी राहायची. वर्षं गेली तशी गावानं आपली गोष्ट रचली की गणपतनं तिकडं बाई ठेवली, तो काय येतोय.

आप्पा गार्ड झाल्यावर युनिफॉर्म घालून केंदूरला गेले होते. रंगनाथच्या अंगणात, त्याच्या मुलांसमोर त्यांनी विचारलं, "कुठला पाय प्लास्टरमधी व्हता?" तो म्हणाला, डावा. बोलणं इकडंतिकडं नेऊन अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तो उजवा म्हणाला. आप्पांनी तिथंच त्याला खोटारडा ठरवलं. तात्याचं घड्याळ, पेटी, काय असेल ते यानंच ढापलं असणार, असंही बोलून मोकळे झाले. रंगनाथ चिडला नाही. "जेवढं सांगायचं व्हतं तेवढं सांगितलं म्या," एवढंच म्हणाला. समोर ठेवलेल्या तांब्याला हात न लावता आप्पा उठले. परत कधी त्या घराची पायरी चढले नाहीत.

ही गोष्ट मला सांगून झाल्यावर एकदा त्यांनी काकू आत आहेत ना ते पाहून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रंगनाथला खोटं बोलून काय मिळालं? त्याला कुनीतरी बोलायला लावलं. आन् फायदा कुनाचा झाला? माझ्या बापाचा. तात्या जिता म्हनून थोरलीला वाटा मागता आला न्हाई, सगळं रान बापाच्या नावावर चढलं." स्वतःच्या बापावर संशय घ्यायला माणसाला किती आतून तुटावं लागत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांची दया आली, आणि भीतीही वाटली. हा शोध आता थांबला तर बरं, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

तो थांबला नाही. हरवलेल्या वैमानिकांचा शोध घेणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथं मी तात्याचं आणि दिल्लीच्या पत्रातलं वैमानिकाचं, अशी दोन्ही नावं टाकून ठेवली होती. एका दुपारी जालंधरहून हरप्रीत नावाच्या मुलीची ईमेल आली. तात्याच्या विमानाचा वैमानिक, गुरबक्ष, तिच्या आजोबांचा थोरला भाऊ. त्यांच्या घरी सगळं ठाऊक होतं. विमान डोंगराला धडकून जळालं होतं. आठ दिवसांनी तळावरची माणसं तिथं पोचली आणि त्यांनी दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे जंगल वाढलं आणि ती जागा हरवली. हे सगळं गुरबक्षच्या वडिलांना तळावरच्या एका अधिकाऱ्यानं खासगी पत्रातून कळवलं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं की आमच्याकडे एक जुनं पोस्टकार्डही आहे, गुरबक्षआजोबांबरोबर गेलेल्या माणसाच्या घरून आलेलं, पण त्याची भाषा आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाही.

आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? मला बजावलं, "त्या पोरीला म्हनावं कार्डाच्या दोन्ही अंगाचा फोटो पाठव. शेजारी आजचं वर्तमानपत्र ठिव." मला हे लिहायची लाज वाटत होती, पण लिहिलं. हरप्रीतनं कुरकुर न करता गुरुमुखी वर्तमानपत्रावर कार्ड ठेवून दोन फोटो पाठवले. आप्पांनी ते वर्तमानपत्र आधी तपासलं. वाचता येत नसल्यामुळे क्रिकेटच्या फोटोवरून तारीख ताडली. मग कार्डाकडे वळले.

बारीक अक्षर, जागा पुरावी म्हणून कडेनंही लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं.

"सरदारसाहेब यांस, गणपत यांच्या मंडळीचा नमस्कार. आपले पत्र मी कोणास न दाखविता माहेरी नेले, ते रंगनाथभाऊंनी मला वाचून दाखविले. आपला मुलगा व आमचे धनी एका जागी ठेविले हे कळले. एकटे नाहीत हे बरे झाले. सासूबाई रोज फाटकापर्यंत जाऊन वाट पाहतात. त्यांना हे सोसणार नाही, म्हणून घरी कोणास सांगितलेले नाही. धन्यांना दवाखान्यात पाहिले असे रंगनाथभाऊ माझ्या सांगण्यावरून सांगणार आहेत. त्यांचा दोष नाही. आपण पुन्हा पत्र पाठवू नये. लिहिणार रंगनाथ, मुक्काम केंदूर."

खाली अंगठा होता. मला वाटलं, आता आप्पा म्हणणार, हा अंगठा तिचा कशावरून? जुनी कागदपत्रं काढणार, भिंग आणणार. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, फोटो मोठा केला. ठशावर तिरपी पांढरी रेघ होती.

"इळा लागला व्हता तिला," ते म्हणाले. "गवत कापताना. ह्याच अंगठ्यानं कुस्करून घास भरवलाय मला."

आणि मग ते रडले. काकू आतून धावत आल्या, कुणी गेलं की काय म्हणून. साऱ्या जगावर, बापावरसुद्धा, संशय घेणाऱ्या या माणसानं जिच्यावर तो एकदाही घेतला नव्हता, तिनंच त्याला आयुष्यभर फसवलं होतं. सासू त्यानंतर वीसेक वर्षं जगली. ती गेल्यावर तरी थोरलीनं का सांगितलं नाही? काकू म्हणाल्या, "बांगड्या फोडून घ्यायच्या नव्हत्या तिला, दुसरं काय!" मला वाटतं, एवढी वर्षं बोललेलं खोटं कुठल्या तोंडानं मागं घ्यायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न असावा. आप्पांनी दोन्ही ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला भाड्याच्या गाडीत बसवलं. चौफुला, न्हावरा, तळेगाव, शिक्रापूर करत आम्ही केंदूरला गेलो. रंगनाथ जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा मुलगाच आता म्हातारा. त्यानं आप्पांना ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आता काय विचारायचं राह्यलंय?" तो म्हणाला.

आप्पा ओट्यावर टेकले. "मला पानी द्या," ते म्हणाले. तांब्या आला. त्यांनी तो वर धरून अर्धा संपवला, तोंड पुसलं, आणि सगळ्या घरादारासमोर सांगितलं, "तुमचा बाप खोटं बोलला व्हता. पर त्यो शब्द पाळत व्हता. म्या त्याला चोर म्हनलं. माझं चुकलं." मुलानं आत वळून चहा टाकायला सांगितलं.

भाद्रपद आला. मी मनात धरून चालले होते की यंदा मला बोलावणं नाही. नवमीच्या आदल्या दिवशी आप्पा दारात हजर. "उद्या जेवायला यायचं."

"आप्पा, आता तर सगळं..."

"यायचं म्हनलं ना बाई."

गुरुजींना ते पटेना. नवमीला थोरलीचं, आणि चतुर्दशीला, म्हणजे शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांच्या तिथीला, तात्याचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले, "अहो, ते आधी गेले तर या सवाष्ण कशा? दोन्ही एकदम नाही बसत."

"ती सत्तर वर्सं सवाष्ण म्हनून जगली," आप्पा म्हणाले. "फुकट न्हाई जगली. त्याची किंमत तिनं दिली. तात्या मेला त्ये खरं, आन् ही अहेव गेली त्ये बी खरं. दोन्ही करा." गुरुजींनी पंचांग मिटलं आणि दक्षिणेचं तबक जवळ ओढलं.

आप्पा मला शेवटचे आठवतात ते त्या चतुर्दशीला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते गेले. दुपारी स्लॅबवर कावळ्याला पानं ठेवायची होती. काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून पानं घेऊन मी वर गेले, माझ्यामागे आप्पा. पानं दोन होती. दुसरं कुणाचं, असं विचारल्यावर म्हणाले, "त्या सरदाराच्या पोराचं. तिकडं त्येला कोन घालतंय? नाव नीट सांगा एकदा, चुकायला नको." मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि पाणी सोडलं.

मग आम्ही थांबलो. ऊन चांगलंच तापलं होतं. आप्पांचे दोन्ही मोतीबिंदू पिकत आले होते; जवळचं डोळ्याशी धरून दिसायचं, लांबचं नाही. डॉक्टर कुठलं भिंग बसवतील याचा भरवसा नाही म्हणून ऑपरेशन त्यांनी दोन वर्षं लांबवलं होतं. मागून मालगाडी गेली, ती त्यांनी मोजली नाही. टोपी हातात घेऊन ते पानांच्या दिशेनं बघत राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "मला न्हाई दिसत. तुमी बघा. कावळा शिवला का?"

कावळा शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसला होता. मान तिरकी करून पानांकडे बघत होता, पण हलत नव्हता.

"शिवला," मी म्हटलं.

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

आप्पांनी हात जोडले. टोपी घातली, आणि खाली उतरायला माझ्याकडे हात पुढे केला.